ठाणे खाडीचे उपग्रहचित्र किती वाजताचे आहे?

खाडीकिनारी (धागाकर्ती) :

दर दोन वर्षांनी भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल आला की खारफुटी वाढली की घटली याची बातमी होते. २०२१ च्या अहवालात देशातील खारफुटीचे क्षेत्र ४,९९२ चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्रातील ३२४ चौरस किलोमीटर नोंदवले होते. आधीच्या अहवालापेक्षा दोन्ही आकडे थोडे चढे होते आणि त्याबद्दल समाधानही व्यक्त झाले. मी ठाणे खाडीच्या पूर्व काठावर राहते आणि नोकरीच्या निमित्ताने उपग्रहचित्रे रोज हाताळते. या दोन्ही नात्यांनी मला एक गोष्ट इथे सविस्तर मांडायची आहे. किनाऱ्याविषयीचा कोणताही आकडा ज्या चित्रांवरून काढला, ती चित्रे भरतीच्या कोणत्या अवस्थेत टिपलेली होती हे विचारल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली म्हणून हा प्रश्न आपोआप सुटत नाही.

आधी साधनांविषयी थोडक्यात सांगते. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली गेला आणि २००८ पासून त्या मालिकेतील चित्रे सर्वांना विनामूल्य मिळू लागली. युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतील पहिले दोन उपग्रह २०१५ आणि २०१७ साली गेले. त्यांच्या चित्रातला एक पिक्सेल जमिनीवरच्या दहा मीटर बाय दहा मीटर चौकोनाएवढा असतो आणि दोघे मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात. या चित्रांतल्या काही तुकड्यांवर माणसाने ‘ही खारफुटी’, ‘हा चिखल’, ‘हे पाणी’ अशा खुणा करायच्या, त्यांवरून मॉडेलला, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीला, शिकवायचे आणि मग उरलेला सगळा किनारा मॉडेलकडून रंगवून घ्यायचा, ही आजची रूढ पद्धत आहे. उपग्रहचित्रांवर इंटरनेटवरूनच काम करू देणाऱ्या गूगल अर्थ इंजिनसारख्या सुविधेमुळे हे काम एखादा महाविद्यालयीन विद्यार्थीही घरी बसून करू शकतो. ही मोठी उपलब्धी आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही.

आता मूळ मुद्दा. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट हे दोन्ही सूर्याशी वेळ जुळवून फिरणारे उपग्रह आहेत, म्हणजे ते एखाद्या ठिकाणावरून दर वेळी जवळपास त्याच घटकेला जातात. आपल्याकडे ही वेळ सकाळी अकरा-सव्वाअकराची येते. भरतीचे घड्याळ मात्र चंद्रावर चालते. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला हिशेब आठवून पाहा : तिथीला पाऊणपट केले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावस्या धरली, तर पंधराचे पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. अष्टमी धरली, तर आठाचे पाऊणपट म्हणजे सहा, आणि तेव्हाची ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास.

हे दोन हिशेब शेजारी ठेवले की काय दिसते ते लक्षात घ्या. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे जेव्हा पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते तेव्हा, उपग्रह नेमका भरतीच्या ऐन वेळी डोक्यावर असतो. अष्टमीच्या आसपास तो ओहोटीला येतो खरा, पण ती भांगाची ओहोटी असते आणि त्या दिवसांत पाणी फारसे मागे हटतच नाही. उधाणाची खरी खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास लागते, आणि त्या वेळी यांपैकी एकही उपग्रह वर नसतो. खाडीच्या आतल्या भागात पाणी जरा उशिरा पोहोचते, त्यामुळे वेळा थोड्या पुढे सरकतात, पण चित्र बदलत नाही. याचा परिणाम असा की ठाणे खाडीचा जो चिखल केवळ उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो, तो वर्षानुवर्षांच्या शेकडो चित्रांत एकदाही उघडा दिसत नाही. मॉडेल कितीही हुशार असले तरी जे चित्रात कधी आलेच नाही ते त्याला शिकवणार कसे? ते त्या जागेला निःशंकपणे ‘पाणी’ म्हणते.

हा चिखल काही उरलीसुरली जागा नव्हे. २०१५ साली घोषित झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेले ६,५२१ हेक्टरचे क्षेत्र ज्या पक्ष्यांसाठी ओळखले जाते, ते पक्षी तिवरांच्या, म्हणजे इथल्या मुख्य खारफुटी झाडांच्या, राईत चरत नाहीत. ते ओहोटीच्या चिखलावर चरतात. छोटा रोहित त्या चिखलातले सूक्ष्म शैवाल गाळून खातो, आणि उत्तरेकडून येणारे तुतवार व टिलवे त्याच चिखलात चोच खुपसून किडे शोधतात. गेल्या काही दशकांत खाडीत गाळ साचत गेला, पुलांनी आणि भरावांनी प्रवाह मंदावला आणि साचलेल्या गाळावर खारफुटी पुढे सरकली. नकाशावर ही ‘वाढ’ हिरव्या रंगात उठून दिसते. तिच्यासाठी जो उघडा चिखल खर्ची पडला, त्याचा काही भाग नकाशावर मुळात नव्हताच, त्यामुळे त्याची घटही कुठे नोंदली जात नाही. खारफुटीच्या वाढीला माझा विरोध नाही. पण एका अधिवासाची वाढ दुसऱ्याच्या जागेवर होत असेल, तर दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत, हे मी आग्रहाने म्हणेन.

ऐरोलीच्या बाजूला काठावरचा एकच पिक्सेल नमुन्यादाखल घेऊ. त्या दहा मीटरच्या चौकोनात मागच्या बाजूला पुरुषभर उंचीची तिवरे आहेत, त्यांच्या पुढे गुडघ्याएवढी रोपे, त्यापुढे चिखलातून वर आलेली बोटभर श्वासमुळे आणि शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये नुसता गाळ, ज्यावर निवट्या पळत असतात. भांगाच्या ओहोटीला या चौकोनाचा अवरक्त परावर्तनाचा (हिरवी पाने जो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश जोरात परत फेकतात त्याचा) आकडा झाडीचा येतो. उधाणाच्या भरतीला रोपे पाण्याखाली गेली की तोच आकडा अर्ध्यावर येतो. एका मार्चचे चित्र अष्टमीचे आणि पुढच्या मार्चचे पौर्णिमेचे असेल, तर तुलनेत ‘खारफुटी नष्ट’ असा निष्कर्ष निघतो आणि प्रत्यक्षात एक पानही तुटलेले नसते.

या विषयावर काम केलेल्या आणि खाडीशी रोजचा संबंध असलेल्या सभासदांनी इथे लिहावे, ही विनंती.

संगणकी :

उत्तम विषय. मी मॉडेल तयार करण्याच्या बाजूला काम करतो, म्हणून त्या बाजूने दोन मुद्दे जोडतो.

पहिला मुद्दा अचूकतेच्या टक्केवारीचा आहे. समजा, शंभर चौरस किलोमीटरच्या तुकड्यात दोन चौरस किलोमीटर खारफुटी आहे. ‘खारफुटी कुठेच नाही’ एवढेच सांगणारे निरुपयोगी मॉडेलही अठ्ठ्याण्णव टक्के अचूक ठरते. म्हणून एकूण अचूकता सांगणाऱ्या अहवालावर मी विसंबत नाही. प्रत्यक्ष खारफुटीपैकी किती मॉडेलला सापडली आणि मॉडेलने खारफुटी म्हटलेल्यांपैकी किती खरी निघाली, हे दोन आकडे वेगवेगळे हवेत.

दुसरा मुद्दा तपासणीच्या बिंदूंचा. शिकवण्याचे आणि तपासण्याचे बिंदू एकाच राईतून उचलले, तर शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांसारखेच असल्यामुळे निकाल फार चांगला दिसतो. ठाण्यात शिकवलेले मॉडेल दाभोळच्या किंवा विजयदुर्गच्या खाडीत नेऊन तपासले की त्याची खरी कुवत कळते. ठाण्यात तिवरांचे प्राबल्य आहे, तर दक्षिणेकडे कांदळ आणि चिप्पी या खारफुटीच्या दुसऱ्या जाती अधिक भेटतात, पाणीही कमी गढूळ असते. त्यामुळे मॉडेल गडबडते.

भरतीबाबत मात्र मला विचारायचे आहे. हजारो चित्रांचा ढीग एकत्र करून प्रत्येक पिक्सेलची सर्वांत कोरडी अवस्था निवडली, तर तुमची अडचण सुटणार नाही का? २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलेला भरतीच्या मैदानांचा (भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सपाट पट्ट्यांचा) जागतिक नकाशा १९८४ ते २०१६ या काळातल्या सात लाखांहून अधिक लँडसॅट चित्रांवरून अशाच पद्धतीने केला होता आणि त्यात १,२७,९२१ चौरस किलोमीटर क्षेत्र मोजले गेले.

डोलकर :

ताई, तुम्ही चिखलाविषयी लिहिलेत म्हणून बरे वाटले, कारण आमच्या खाडीविषयी बोलताना लोक एकतर झाडांविषयी बोलतात नाहीतर पुलांविषयी.

आमच्या घरात तीन पिढ्या खाडीत मासेमारी झाली. अमावस्या-पौर्णिमेच्या सुकतीला पहाटे जो चिखल उघडा पडतो, तिथे आमच्या बायका चिंबोऱ्या, निवट्या आणि शिंपल्या काढत. जिथे माझी आजी शिंपल्यांना जात असे, तिथे आज तिवरे उभी आहेत आणि त्यांच्या पुढचा चिखल इतका मऊ झाला आहे की मांडीपर्यंत पाय जातो. शिंपल्यांना वाळूमिश्रित तळ लागतो. नुसत्या गाळात त्या धरत नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे की चिखल किती उरला एवढेच मोजून पुरणार नाही, तो कसला आहे हेही पाहावे लागेल. उपग्रहाला घट्ट चिखल आणि मऊ चिखल यांतला फरक कळतो का, हे जाणकारांनी सांगावे.

खाडीकिनारी :

संगणकीजी, चित्रांचा ढीग कितीही मोठा असला तरी त्यातले प्रत्येक चित्र सकाळी अकराचेच असेल, तर त्या ढिगातली सर्वांत कोरडी अवस्था ही अकरा वाजता दिसू शकणारी सर्वांत कोरडी अवस्था असते. त्या जागतिक नकाशाचे महत्त्व मी मानते, कारण खारफुटी आणि प्रवाळांइतके लक्ष ज्याला कधी मिळाले नाही त्या अधिवासाला त्याने जगाच्या नकाशावर आणले. पण जिथे उधाणाची ओहोटी आणि उपग्रहाची वेळ यांची कायमची चुकामूक आहे, तिथे तो खालचा पट्टा गाळूनच मोजणार.

उपाय रडारमध्ये आहे. सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह पहाट-संध्याकाळच्या कक्षेत फिरतो आणि आपल्याकडे सकाळी किंवा संध्याकाळी साडेसहाच्या आसपास येतो, म्हणजे बरोबर उधाणाच्या ओहोटीच्या वेळेला. शिवाय रडारला ढगांचा अडथळा नसतो. जून ते सप्टेंबर या काळात साध्या चित्रांत कोकण जवळजवळ दिसतच नाही, तेव्हाही रडारचे काम चालू राहते. दर फेरी उधाणालाच येईल असे नाही, कारण हा उपग्रह बारा दिवसांनी त्याच मार्गावर येतो आणि उधाण साधारण पंधरा दिवसांनी. तरी वर्षभरात काही फेऱ्या जुळतात आणि तेवढ्या पुरतात. अडचण एवढीच की सपाट ओला चिखल आणि संथ पाणी हे दोन्ही रडारच्या चित्रात सारखेच काळे दिसतात, त्यामुळे वाऱ्याने पाण्यावर लाटा उठलेल्या दिवसाचे चित्र अधिक उपयोगी पडते.

डोलकर दादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : पृष्ठभागाचा ओलावा आणि खडबडीतपणा यांचा अंदाज उपग्रहावरून काही प्रमाणात येतो, पण पाय मांडीपर्यंत रुततो की घोट्यापर्यंत, हे आजच्या कोणत्याही उपग्रहचित्रावरून सांगता येत नाही. आजीच्या शिंपल्यांची जागा आणि ती बंद झाल्याचे अंदाजे साल तुम्ही नकाशावर दाखवू शकलात, तर जुन्या लँडसॅट चित्रांचा अर्थ लावताना त्या माहितीचा थेट उपयोग होईल.

पेणचा_शेतकरी :

खारफुटीच्या वाढीची दुसरी एक बाजू आहे आणि ती फारशी कोणी मांडत नाही.

आमच्याकडे पेण-अलिबागच्या खारेपाटात (खाडीलगतच्या खाऱ्या भातजमिनीत) बाहेरकाठ्यांना, म्हणजे समुद्राचे पाणी अडवणाऱ्या बांधांना, खांडी पडल्या, त्या वेळेवर बांधल्या गेल्या नाहीत आणि समुद्राचे पाणी भातशेतीत शिरले. दोन-चार वर्षांत तिथे तिवरे उगवली. सातबारा आमच्या नावाचा, त्यावर भाताची नोंद, आणि उपग्रहाच्या नकाशात मात्र ते कांदळवन. उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ते संरक्षण पक्के करून भोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखला. तो निकाल आवश्यक होता असे मीही मानतो, कारण मुंबईच्या आजूबाजूला काय चालले होते ते सर्वांनी पाहिले आहे. पण ज्या शेतकऱ्याचे शेत बंधारा फुटल्यामुळे गेले, त्याच्या शेतातली झाडे ‘राज्यातील वाढ’ म्हणून मोजली जातात, तेव्हा त्या हिरव्या ठिपक्यात त्याचे नुकसान कुठे दिसते? मॉडेलला हे शिकवता येईल का?

मेलबर्नहून :

ऑस्ट्रेलियात या अडचणीवर जे काम झाले आहे ते सांगतो. ‘डिजिटल अर्थ ऑस्ट्रेलिया’ या शासकीय उपक्रमात प्रत्येक लँडसॅट चित्राला, ते टिपले त्या क्षणीची भरतीची पातळी गणिती प्रारूपावरून जोडली जाते. मग चित्रे तारखेनुसार न लावता पाण्याच्या उंचीनुसार लावतात. त्यामुळे १९८८ पासूनची दरवर्षीची किनारारेषा मध्यम समुद्रपातळीला आणून दाखवता येते आणि एका वर्षाची भरती दुसऱ्या वर्षाच्या ओहोटीशी तोलली जात नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखाद्या ठिकाणी उपग्रहाने भरतीच्या एकूण पल्ल्यापैकी किती भाग पाहिला आणि किती कधीच पाहिला नाही, हेही तिथल्या माहितीत नोंदवलेले असते. ठाणे खाडीच्या कोणत्याही नकाशासोबत अशी एक ओळ सक्तीची केली, तर खाडीकिनारी यांनी मांडलेला निम्मा प्रश्न मार्गी लागेल.

रापण :

दक्षिणेकडची स्थिती थोडी निराळी आहे. मालवणजवळ भरतीचा पल्ला मुंबईपेक्षा कमी आहे, त्यामुळे वेळेची चुकामूक तितकी छळत नाही; पण आमच्याकडे ऋतू छळतो. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी वाळूची अरुंद जीभ आहे. पावसाळ्यात किनारा झिजतो आणि हिवाळ्यात वाळू बरीचशी परत येते. झीज होते त्या महिन्यांत ढगांमुळे चित्र नसते, आणि चित्र मिळते तेव्हा किनारा भरून आलेला असतो. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास करून देशाचा ३३.६ टक्के किनारा झिजत असल्याचे नोंदवले आहे. दीर्घ काळाच्या कलासाठी तो आकडा मोलाचा आहे, पण ज्याच्या अंगणापर्यंत ऑगस्टमध्ये लाट येते त्याला तेवढ्यावर नियोजन करता येत नाही.

१९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातल्या प्रवाळांबाबत तर दहा मीटरचे चित्र फारच तोकडे पडते. लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात तळ दिसतो, आमच्या पाण्यात तो बहुतेक दिवस दिसत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था विरंजनाचा (प्रवाळ पांढरे पडण्याचा) इशारा देते तो समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून. प्रवाळ प्रत्यक्षात पांढरे पडले की नाही, हे पाहायला पाणबुड्यालाच उतरावे लागते.

खाडीकिनारी :

पेणच्या शेतकरी दादांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देते.

एका चित्रावरून ते शक्य नाही. त्या जागेचा सलग इतिहास पाहिला तर बऱ्याच अंशी शक्य आहे. भातशेतीची खूण उपग्रहाच्या नोंदीत स्पष्ट उमटते : जुलैत पाणी, सप्टेंबरात गर्द हिरवे, नोव्हेंबरात कापणीनंतर उघडी जमीन. खांड पडली की हा वार्षिक चढउतार एकाएकी थांबतो, काही काळ खारे पाणी आणि चिखल दिसतो आणि मग हळूहळू बाराही महिने टिकणारा हिरवा रंग येतो. नैसर्गिक गाळावर पसरलेल्या खारफुटीच्या इतिहासात भाताचे ते चक्र कधीच नसते. म्हणजे ‘खाडीतली वाढ’ आणि ‘बुडालेल्या शेतावरची वाढ’ असे दोन वेगळे रंग नकाशावर देता येतील, आणि जुनी चित्रे उपलब्ध असल्यामुळे खांड कोणत्या हंगामात पडली हेही दाखवता येईल. ही माहिती काढणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ती काढण्याची कोणी मागणी केलेली नाही, ही खरी उणीव आहे, आणि माझ्या मते खारभूमीच्या शेतकऱ्यांनी ती मागणी लेखी करावी.

हीच पद्धत धोक्याच्या इशाऱ्यांनाही लागू पडते. पावसाळा संपता संपता मुंबई-ठाण्याच्या तिवरांवर हायब्लिया प्युरा नावाची अळी पडते. सागाची पाने खाते तीच ही अळी. काही दिवसांत झाडांवर पानांच्या शिराच उरतात, राई तपकिरी दिसू लागते आणि स्वयंचलित यंत्रणा ‘खारफुटीचा नाश’ असा इशारा देते. पुढच्या काही आठवड्यांत त्याच फांद्यांवर नवी पालवी येते. राडारोडा टाकला तर हिरवेपणाचा आकडा तसाच कोसळतो, पण तो परत वर येत नाही आणि पृष्ठभाग उजळ दिसू लागतो. तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे : कुणीतरी बांध घालून किंवा नाला बुजवून भरतीचे पाणी अडवतो आणि राई महिनोन्‌महिने हळूहळू वाळत जाते. कोणत्याही दोन लागोपाठच्या चित्रांत फरक जाणवत नाही, त्यामुळे इशारा वाजतच नाही. तिथे पानांकडे न पाहता पानांखालच्या पाण्याकडे पाहावे लागते. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहाचे लांब लहरींचे रडार पानांच्या छतातून खाली पोहोचते आणि झाडांच्या बुंध्यांशी पाणी आहे की नाही याचा माग त्यावरून लागू शकतो. ठाणे खाडीसाठी त्या चित्रांकडून मला फार आशा आहे.

संगणकी :

अळी, राडारोडा आणि अडवलेले पाणी हे तीन प्रकार मॉडेलला वेगळे शिकवायचे, तर तिन्हींचे तारीखवार नमुने लागतील. जागेवरच्या नोंदी कशा ठेवाव्यात, हे कृपया सांगावे.

खाडीकिनारी :

तारीख आणि वेळ मिनिटासह लिहावी, म्हणजे भरतीची पातळी नंतर जोडता येते. बिंदू राईच्या कडेवर न घेता चहूबाजूंनी किमान वीस मीटर एकसारखी झाडी किंवा चिखल असेल अशा ठिकाणी घ्यावा. एरवी भ्रमणध्वनीच्या स्थाननोंदीतली चूक आणि पिक्सेलची कड यांत नोंद वाया जाते. चारही दिशांची छायाचित्रे, झाडाचे नाव, पाने खाल्लेली आहेत की वाळलेली, आणि बुंध्याशी पाण्याची खूण किती उंचीवर आहे, हे टिपावे. जिथे काहीच बदललेले नाही अशा जागांच्या नोंदीही तितक्याच हव्यात. त्या सहसा कोणी करत नाही आणि त्यांच्याविना मॉडेलला सगळीकडे नाशच दिसू लागतो.

डोलकर :

येत्या अमावस्येच्या पहाटे सुकतीला होडी नेणार आहे. दोघातिघांची जागा होईल. आजी जात असे ती जागाही त्याच वाटेवर आहे, ती दाखवतो.

खाडीकिनारी :

नक्की येते, दादा. सेंटिनेल-१ ची त्या आठवड्यातली फेरी कोणत्या दिवशी आहे ते तपासते. अमावस्येच्या मागेपुढे एखादा दिवस सरकवून दोन्ही जुळत असतील, तर तोच दिवस ठरवू. संगणकीजी, नोंदीचा तक्ता आपण तयार केलात, तर त्याच्या छापील प्रती मी घेऊन येईन. चिखलात भ्रमणध्वनी हाताळण्यापेक्षा कागद आणि पेन्सिल सोयीची पडते.